बाबांचा स्तोयान शोधायला निशला

आमच्या गावी, धसईत, कोणाला सांगितलं की मी निशला जाऊन आले, तर पहिला प्रश्न येतो, "म्हंजे रशियात काय?" मग नकाशा काढावा लागतो. रशियात नाही, सर्बियात. ग्रीसच्या वर, बल्गेरियाच्या डाव्या हाताला. आपल्याकडून तिथे सहली जात नाहीत. पण आमच्या घरात हे नाव मी बारा वर्षांची असल्यापासून घेतलं जात होतं. मुंबई, पुणे, नाशिक आणि निश, अशा ओळीत.

माझे बाबा, बाळू, १९८३ साली इराकला गेले. तिथे एक युगोस्लाव कंपनी पूल बांधत होती. बाबा रिगर होते. म्हणजे क्रेनच्या आकड्याला वजन बांधायचं आणि खाली उभं राहून हाताच्या खुणांनी वरच्या माणसाला सांगायचं, उचल, थांब, डावीकडे, सोड. वर केबिनमध्ये बसणारा माणूस निशचा होता, स्तोयान नावाचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. खुणांवर काम भागत होतं. पुढे थोडं हिंदी, थोडं अरबी, थोडं सर्बियन आणि थोडं आमच्या घरचं मराठी असं काहीतरी ते बोलू लागले. "वर स्तोयान, खाली मी," बाबा सांगायचे. "तो वर असला का मना मान वर करून बघायला लागायचा नाय."

१९९० साली लढाई होणार असं दिसू लागलं आणि सगळ्यांना तिथून निघावं लागलं. बाबा जॉर्डनमधल्या अम्मानवरून परत आले. येताना त्यांनी काही सर्बियन शब्द आणले. त्यातला एक 'पोलाको', म्हणजे हळू. चिखलणीच्या वेळी बाबा बैलांना "पोलाको, पोलाको" म्हणायचे. बांधापलीकडची माणसं हसायची. बैलांना मात्र कळायचं.

पुढच्या वर्षी स्तोयानचं एक पत्र आलं, कोणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेलं. मागे निशचा पत्ता होता. बाबांनी मला समोर बसवून उत्तर लिहायला लावलं. त्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला नाही, तिसऱ्यालाही नाही. युगोस्लाविया फुटला, तिकडे लढाया सुरू झाल्या. १९९९ साली तिकडच्या शहरांवर विमानांनी बाँब टाकले, तेव्हा बाबा रोज सात वाजता बातम्यांसमोर बसायचे. एका संध्याकाळी निशचं नाव आलं. बाबा जेवले नाहीत. २००१ च्या पावसाळ्यात काविळीने ते गेले. तोपर्यंत स्तोयान आहे की नाही, हे आम्हाला कळलं नव्हतं.

मला तिथे का जायचं होतं, हे मी आईलाही नीट सांगितलं नव्हतं. बाबा इराकला गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते, परत आले तेव्हा एकोणीस. मधल्या सात वर्षांत ते तीनदा घरी आले. माझी दहावी झाली, आजी वारली, घराला कौलं बसली, यातलं काही बाबांनी पाहिलं नाही. ती सात वर्षं त्यांनी ज्या माणसाबरोबर काढली त्याचा मला लहानपणी हेवा वाटायचा. मोठी झाल्यावर त्या हेव्याची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली. बाबांची ती वर्षं कोणाकडे तरी असतील आणि तो माणूसही निघून गेला तर ती कायमची जातील, असं वाटत राहायचं.

मी मुरबाडच्या एका पाईपजोडांच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. २००४ च्या सप्टेंबरात नव्या यंत्राचं शिक्षण घेण्यासाठी कंपनीने मला आणि एका सहकाऱ्याला दोन आठवडे हंगेरीला पाठवलं. निशचा रस्ता तिथून एका दिवसाचा होता. मी निघण्याआधीच सर्बियाचा व्हिसा काढला, पाच दिवस रजा टाकली आणि आईला सांगितलं.

आई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "जा गो. त्यांना नाय जमला, तुला तरी जमू दे. पण तो माणूस नाय भेटला तर तिकडं एकटी रडत बसू नको."

बसस्टँडच्या मागचा बाजार

बेलग्रेडला एका स्वस्त खोलीत झोपून पहाटेची पहिली बस धरली. तीन तास मक्याची शेतं होती. गवताच्या गंजी मात्र आपल्या उडव्यांसारख्याच, फक्त मधोमध एक खांब रोवलेला आणि त्याच्याभोवती गवत रचलेलं. निश जवळ आलं तसा उजवीकडे एक लांबलचक डोंगर दिसू लागला. वर सपाट, खाली तुटलेला, थेट आपल्या नाणेघाटाच्या भिंतीसारखा. क्षणभर मला वाटलं, आपण टोकावड्याच्या पुढे आलोय. पण त्याच्यावर हिरवं काही नव्हतं, नुसता करडा दगड. शेजारच्या बाईने त्याचं नाव सांगितलं, त्याचा अर्थ म्हणे सुका डोंगर.

निशचा बसस्टँड एका जुन्या तुर्की किल्ल्याच्या तटाला लागून आहे आणि त्याच्या मागेच भाजीबाजार. उतरताना घाईत माझी पिशवी दारात अडकली, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "पोलाको, पोलाको." मी एकदम वळून पाहिलं. त्या बिचाऱ्याला वाटलं मला राग आला.

भूक लागली होती. एका दुकानात मोठ्या गोल परातीतून कापून बुरेक देत होते. पापडासारखे पातळ पदर, मध्ये खारट चीज आणि तेल असं की कागद आरपार दिसतो. त्याच्याबरोबर पेलाभर दही दिलं, ताकापेक्षा दाट, दह्यापेक्षा पातळ. मी एक बोट वर केलं, एक तुकडा या अर्थाने. त्याने परातीचा पाव हिस्सा माझ्यासमोर ठेवला. बाबांनी मला एकदा सांगितलं होतं की स्तोयानला कोणाच्याही ताटात उरलेलं बघवत नाही. ते आठवून मी सगळं संपवलं आणि मग दहा मिनिटं बाकावर बसून राहिले.

शहरभर एक वास होता. वांगी भाजल्याचा वाटत होता, पण गोडसर. बाजारात गेल्यावर कळलं. लालभडक मोठ्या मिरच्यांची पोती रचून ठेवली होती आणि माणसं दहा-दहा, वीस-वीस किलो घेत होती. सप्टेंबरात घरोघरी या मिरच्या भाजून, सोलून, शिजवून वर्षाचं आयवार, म्हणजे त्यांची चटणी, करतात. आपल्याकडे उन्हाळ्यात मसाल्याची मिरची घेतात तसंच, फक्त ही मिरची तिखट नसते. गल्लीगल्लीत पत्र्याच्या शेगड्या पेटलेल्या होत्या.

मी एका मिरचीवालीला पत्त्याचा कागद दाखवला. तिने कागद उलटा धरला, सुलटा धरला, मग रांगेतल्या एका बाईला हाक मारली. पन्नाशीची, चष्मा लावलेली, मिलेना नावाची. शाळेत इंग्रजी शिकवत होती.

"हा रस्ता आता नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे आहे, पण नाव बदललं. आमच्याकडे सरकार बदललं की रस्त्यांची नावं बदलतात. पोस्टमन वेडे व्हायची वेळ येते. तुम्हाला तिथे कशाला जायचंय?"

मी थोडक्यात सांगितलं. तिने चष्मा काढून पुसला आणि मिरच्यांच्या पिशवीचा एक बंद माझ्या हातात दिला. "धरा. रस्त्यातच आहे," म्हणाली. रस्त्यात नव्हतं, हे नंतर कळलं.

पत्त्यावरचं घर

पत्त्यावरचं घर पिवळ्या रंगाचं होतं. दारात एक म्हातारी बाई मिरच्या सोलत बसली होती. मिलेना तिच्याशी बोलू लागली. मला एक शब्द कळत नव्हता, फक्त स्तोयानचं नाव दोनदा ऐकू आलं. मग मिलेना माझ्याकडे वळली आणि तिच्या सावकाश, व्याकरणशुद्ध इंग्रजीत म्हणाली, "तो आता नाही."

माझ्या हातातून पिशवीचा बंद सुटला. मिरच्या पायरीवरून खाली गेल्या. त्या गोळा करायला मी वाकले ते बरं झालं, तोंड लपवता आलं. इतक्या लांब येऊन, असं मनात येत होतं. आईने बजावलेलं आठवत होतं आणि डोळे ऐकत नव्हते.

"अहो, नाही!" मिलेना घाबरून माझ्याशेजारी बसली. "इथे नाही! या घरात नाही! माझं इंग्रजी... त्याने हे घर विकलं, १९९३ साली. तो नदीपलीकडे राहतो. जिवंत आहे, जिवंत!"

म्हातारी उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मग तिने मिलेनाला आणखी काही सांगितलं. घर घेतल्यावर दोनदा परदेशी तिकिटांची पत्रं आली होती. नवा पत्ता माहीत नव्हता, म्हणून तिने ती पोस्टमनला परत दिली होती.

म्हणजे बाबांची पत्रं इथपर्यंत आली होती. फाटकाला एक निळी पत्र्याची पेटी होती. मी जाताना तिच्यावर हात ठेवला. धसईच्या घरात, कंदिलाजवळ बसून लिहिलेलं माझं अक्षर या पेटीत पडलं होतं.

नदीपलीकडे

नदी फार मोठी नाही, आपल्या काळूएवढी. पूल ओलांडून चढाची गल्ली लागली. तिसऱ्या फाटकातून धूर येत होता. अंगणावर द्राक्षांचा मांडव, त्याखाली शेगडी आणि शेगडीपुढे स्टुलावर बसलेला एक धिप्पाड म्हातारा उघड्या बोटांनी मिरच्या उलटत होता. मिलेनाने हाक मारली. तो उठून फाटकाशी आला.

मी बाबांजवळ असलेला एक फोटो पुढे धरला. पुलाच्या अर्ध्या खांबासमोर दोघे उभे, डोक्यावर पिवळ्या टोप्या, स्तोयानचा हात बाबांच्या खांद्यावर.

त्याने फोटो घेतला. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बालू?"

आणि माझ्या खांद्यावरून मागे फाटकाकडे बघू लागला. बाबा पाठोपाठ येत असतील, गल्ली चढताना मागे राहिले असतील, असं. तो एक पाऊल बाहेरही गेला. गल्लीत दोन्हीकडे पाहिलं.

बाबा गेल्याचं या माणसाला आपणच सांगायचं आहे, हे प्रवासभर माझ्या मनातच आलं नव्हतं. मी फक्त घ्यायला आले होते. मी मान हलवली. नाही म्हणायला तिथेही तशीच मान हलवतात. तो फाटकाला धरून उभा राहिला.

थोड्या वेळाने त्याने वळून माझा हात धरला, मला मांडवाखाली नेलं, स्टूल पुसलं आणि म्हणाला, "ये गो बाय. बस. जेवला काय?"

ते मराठी होतं. नुसतं मराठी नाही, आमच्या घरचं. 'काय'वरचा तो हेल बाबांचा होता. बाबा कामावरून येणाऱ्या कोणालाही असंच विचारायचे. तीन वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता आणि आता तो एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडून येत होता, तोही 'जेवला' असा, पुरुषाला विचारावं तसा. मी हसायला लागले आणि मग हसू आवरेना, मग रडूही आवरेना. मिलेना विचारत राहिली, "काय म्हणाला तो? कोणती भाषा आहे ही?" आता तिला भाषांतर करून सांगायची पाळी माझी होती.

स्तोयानच्या पत्नी, वेरा, आतून एक तबक घेऊन आल्या. तबकात वाटीभर आंबटगोड चेरीचा मुरंबा, चमचे आणि पाण्याचे पेले. आपल्याकडे पाहुण्याला गूळपाणी देतात, तेच हे, म्हणून मला आपल्यातच आल्यासारखं वाटलं आणि मी वाटी हातात घेऊन खायला सुरुवात केली. अर्धी संपल्यावर लक्षात आलं की सगळे माझ्या हातातल्या वाटीकडे बघताहेत. एक चमचा घ्यायचा असतो, वर पाणी प्यायचं आणि वाटी पुढच्याला द्यायची. वेराबाईंनी आतून दुसरी वाटी आणली.

मग स्तोयानकाकांनी, आता त्यांना नुसतं स्तोयान म्हणवेना, छोट्या पेल्यांत राकिया, म्हणजे घरी गाळलेली फळांची दारू, ओतली. स्वतःच्या पेल्यातली थोडी त्यांनी प्यायच्या आधी जमिनीवर सांडली. गेलेल्या माणसाचा वाटा, मिलेनाने सांगितलं. मी हात जोडले.

त्यानंतर ते बोलत राहिले आणि मिलेना सांगत राहिली. बाबा सुट्टीवरून येताना सुकट आणायचे. पहिल्या दिवशी काकांनी नाक धरून खोली सोडली होती. दुसऱ्या वर्षी तेच विचारू लागले, सुकट कुठंय? हे सांगताना त्यांनी 'सुकट' हा शब्द इतक्या प्रेमाने म्हटला की वेराबाई हसल्या. मग ते एकदम थांबले, माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि बोटाने माझ्या डाव्या भुवईवरच्या खुणेला जवळजवळ हात लावला.

"बैल," ते म्हणाले. दोन बोटांची शिंगं करून त्यांनी हवेत ढुशी मारली. "रंजू! बैल!"

रंजू म्हणजे मीच. चौदा वर्षांची असताना गोठ्यात आमच्या बैलाचं शिंग मला लागलं होतं. तेव्हा बाबा इराकमध्ये होते. आईने सांगितलं आणि मीच पत्रात लिहिलं, भुवईवर चार टाके पडले, काळजी करू नये.

मिलेना सांगू लागली, "तो म्हणतोय, ते पत्र आलं त्या दिवशी तुमच्या वडिलांनी काम केलं नाही. क्रेन उभी होती. त्याने त्यांना विचारलं, काय झालं? त्यांनी कागदावर मुलगी काढली, बैल काढला. तुमचं प्रत्येक पत्र ते त्याला वाचून दाखवायचे. त्याला काही कळायचं नाही. तरी तो ऐकायचा. तुम्ही गणितात पहिल्या आलात हेही त्याला माहीत आहे. तुमच्या घराला नवं छप्पर आलं, लाल मातीचं."

मी मिरच्यांच्या धुराकडे बघत राहिले. मला वाटायचं ती सात वर्षं मी नव्हतेच. इथे हा माणूस मला माझी दहावी सांगत होता.

पण काकांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांचा आवाज खाली आला. "त्याचा पाय?" त्यांनी विचारलं. "शेवटपर्यंत दुखला?"

बाबा डाव्या पायाने लंगडायचे. इराकमध्ये जिन्यावरून घसरलो, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. मी तेच काकांना सांगितलं. मिलेनाने भाषांतर केलं, तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

"जिना नव्हता," ते म्हणाले. "तुळई होती. त्याने थांबायची खूण केली होती. समोर ऊन होतं, माझ्या डोळ्यांवर आलं, मी पाहिली नाही. मी तुळई सोडली. ती त्याच्या पायावर आली. चौकशीला साहेब आले तेव्हा बालूने सांगितलं, खूण माझीच चुकली. मला काढून टाकलं असतं, माझी दोन मुलं लहान होती. मी तिथेच बोलायला हवं होतं. बोललो नाही. पत्रात लिहायला हवं होतं, ते दुसऱ्याकडून कसं लिहून घेणार? सतरा वर्षं झाली. खूण बरोबर होती. हे त्याच्या घरच्यांना माहीत असायला हवं."

खरं सांगायचं तर क्षणभर मला राग आला. त्या पायाला आई रात्री तेल चोळायची, पावसात तो सुजायचा, हे सगळं डोळ्यांपुढे आलं. पण मग बाबा आठवले. हे गुपित त्यांनी आईपासूनही राखलं, आणि तरी स्तोयानचं नाव घेताना त्यांच्या तोंडावर हसू असायचं. त्यांनी कधीच हिशेब मिटवून टाकला होता, मग मी कोण उघडणार?

"दुखायचा," मी म्हणाले. "पण शेती केली त्यांनी त्याच पायावर. नांगर धरला. बैलांशी तुमच्या भाषेत बोलायचे."

मिलेनाने ते सांगितलं, तेव्हा काकांनी भाजलेल्या मिरचीचं एक साल उगाचच सोलून काढलं. वेराबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

चार वाजले होते. घरी साडेसात झाले असतील, हे माझ्या लक्षात आलं. वेराबाईंनी फोन अंगणातल्या खिडकीत आणून ठेवला. तीनदा लावल्यावर लागला.

"भेटला काय गो?" आईने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"भेटला, आई. हाय. बरा हाय. बोलतेस?"

"मी काय बोलू त्याच्याशी? मना कुठं येतय त्याची भाषा?"

मी फोन काकांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणाले, "वयनी! जेवला काय?"

पलीकडून काही ऐकू आलं नाही. मला वाटलं लाईन तुटली. मग आईचा आवाज आला, अगदी बारीक. "जेवले. तुमी जेवला काय, भावोजी?"

काकांना यापुढे बोलता येईना. त्यांचं मराठी तेवढंच होतं, वीस-पंचवीस शब्द. ते माझ्याकडे पाहू लागले. मी फोन घेतला, तर आई म्हणाली, "घेऊ नको गो. त्याच्याकडेच दे. त्याला बोलू दे, काय पण बोलू दे."

मी मिलेनाला सांगितलं, मिलेनाने काकांना सांगितलं. ते थोडा विचार करून स्टुलावर सरळ बसले आणि जेवढे शब्द बाबांनी त्यांना शिकवले होते तेवढे एकामागून एक म्हणू लागले. पाणी. मीठ. भात. सुकट. बैल. पाऊस. चल चल. थांब. नाय रे. उद्या. घरी जाऊ. प्रत्येक शब्दानंतर ते थांबत होते, बरोबर आलं की नाही हे कोणी सांगेल म्हणून, आणि पुढे जात होते. वेराबाई शेगडीवरच्या मिरच्या विसरल्या होत्या. सगळे शब्द संपल्यावर काकांनी फोन माझ्याकडे दिला.

"आई?"

आई नाक ओढत होती. "संपला काय त्याचा?"

"संपला. तेवढाच येतो त्यांना."

"मंग परत पयल्यापासून सांगायला लाव," आई म्हणाली.

मी सांगितलं. स्तोयानकाकांनी फोन कानाला लावला आणि पुन्हा पाण्यापासून सुरुवात केली.